डुलूथच्या पुलाअलीकडे दोन विहिणी

माझ्या नातवंडांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर थोरल्याने मला विचारलं, "आजी, यू यूज्ड टु मेक फिश, राइट? मग आता का नाही करत?" मी म्हटलं, नंतर सांगते, आणि वरणाला फोडणी द्यायला उठले. फोडणी आधीच दिलेली होती. जूनमध्ये तुम्ही इथे याल तेव्हा हा प्रश्न पुन्हा येणार, आणि तोही ताटावर बसल्यावर, तुमच्या बाबांसमोर. त्यापेक्षा उत्तर आधीच लिहून पाठवलेलं बरं. कामं वेळेआधी उरकायची मला सवय आहे.

हे मी इंग्रजीत लिहू शकले असते. शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी, नोकरीतला पत्रव्यवहारही इंग्रजी. पण ज्या भांडणाबद्दल सांगायचं आहे ते मराठीत झालं, आणि इंग्रजीत घातलं तर ते सभ्य वाटायला लागेल. ते सभ्य नव्हतं. वाचताना अडलं तर आईला विचारा. तिने एखादं वाक्य गाळलं असं वाटलं, तर पुन्हा वाचायला सांगा.

लिहायला बसण्याआधी मी तुमच्या टेक्सासआजीला, म्हणजे तुमच्या आईच्या आईला, फोन केला. म्हटलं, "विहीणबाई, मुलांना त्या दिवसाचं सांगावं म्हणते."

त्या म्हणाल्या, "सांगा की. फक्त माझी वाक्यं माझी म्हणून लिहा आणि तुमची तुमची म्हणून. अदलाबदल नको."

तशी ती होणार नाही.

तुमच्या आईची आई आणि तुमच्या बाबांची आई या एकमेकींच्या विहिणी. आपल्याकडे मुलाच्या आईचा मान मोठा धरतात. पहिलं ताट तिला, पहिली साडी तिला, ती बसल्याशिवाय मुलीकडचं कुणी बसत नाही. तुमच्या आईबाबांच्या लग्नापासून टेक्सासआजीने हे सगळं काटेकोर पाळलं. त्यांच्याकडे गेले की पहिला कप माझ्या हातात यायचा. कप देताना त्यांचा चेहरा औषध दिल्यासारखा असायचा, ही गोष्ट वेगळी. त्या पुण्याच्या, कडक शाकाहारी. मी मालवणकडची. मासा नसेल तर मला जेवल्यासारखं वाटत नाही. आमचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही, आणि आम्ही दोघींनी ते लपवायचाही फार प्रयत्न केला नाही.

तुमच्या आईबाबांचं वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा तुम्ही दोघंही इथे डुलूथमध्येच होतात. थोरला शाळेत जायला लागला होता, धाकटी अजून अंगठा चोखत होती. तुमच्या आईला टेक्सासमधल्या फ्रिस्कोत नोकरी मिळाली होती. तिथे तुमचा मामा, आणि मामाकडे टेक्सासआजी. त्या सामान बांधायला म्हणून इथे आल्या आणि आल्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरात स्वतःचा वेगळा तवा घेऊन वावरल्या. माझा तवा त्या चिमट्याने उचलून बाजूला ठेवत.

तुमच्या आईबाबांचं बरंचसं ठरलं होतं. ठरला नव्हता तो तुमचा उन्हाळा. मी तुमच्या आईला सरळ विचारलं तर ती म्हणाली, "बघू आई. दिवसभर मुलांना माझी आई सांभाळणार आहे, तिच्याशी बोलायला हवं." म्हणजे चावी विहीणबाईंकडे होती. त्या एक दिवस पोळ्या लाटताना, मला ऐकू जाईल अशा बेताने मुलीला म्हणाल्या होत्या, "उन्हाळ्यात कशाला तिकडे? पुन्हा सगळ्या सवयी बिघडवून येतील."

मला तुमचा उन्हाळा हवा होता. बाकी ज्यात मला कुणी विचारलं नव्हतं, त्यात मी बोलणार नव्हते. एवढंच हवं होतं.

त्यात ती तिकिटं निघाली. गावातल्या खाण्याच्या जागा पायी हिंडून दाखवतात, प्रत्येक ठिकाणी चाखायला देतात, तशी एक फेरी असते. तुमच्या आईबाबांनी लग्नाच्या वाढदिवसासाठी ती महिन्यांपूर्वी बुक केली होती. आता कॅन्सल होत नव्हती. शनिवारी सकाळी तुमची आई म्हणाली, "तुम्ही दोघी जा ना. आम्हाला मुलांशी बोलायचंय. दोघांनी मिळून. घरात दुसरं कुणी नको."

तुम्हाला काय सांगायचं होतं ते तुम्हाला आता माहीत आहे. मी कोट चढवला. विहीणबाईंनी साडीवर तुमच्या मामाचं जाकीट घातलं, त्यावर मफलर, पायात तुमच्या आईचे बूट. दारातून बाहेर पडताना म्हणाल्या, "वाढदिवस त्यांचा, आणि वरात आपली."

तुम्हाला डुलूथचा उतार आठवत असेल. सगळं गाव टेकडीवरून तळ्याकडे घसरत आल्यासारखं आहे. तळं म्हणायचं, पण पलीकडचा काठ क्वचितच दिसतो, आणि त्यात शेवाळी वासही नाही, मिठाचा वासही नाही. समुद्राकाठच्या माणसाला ते फसवल्यासारखं वाटतं. इथे खाणीत, बंदरात आणि मासेमारीला नॉर्वे, स्वीडन, फिनलंडहून माणसं आली, त्यांच्याच पुढच्या पिढ्या आता ब्रेड भाजतात आणि माशाला धुरी देतात. मी इथे इतकी वर्षं राहून यातलं काही तिकीट काढून खाल्लं नव्हतं. गावात राहणारं माणूस कशाला खाईल?

गाईड साठीची बाई होती, लाल जाकिटातली, सतत हसणारी. बरोबर आयोवाचं एक म्हातारं जोडपं आणि दोन-चार तरुण मुलं. पहिला थांबा फिनिश बेकरी. त्यांचा वेणीसारखा गुंफलेला गोड पाव आणि कॉफी. तबक आलं. सवयीने मी हात किंचित पुढे केला असेल. विहीणबाईंनी माझ्याआधी पहिली बशी उचलली, पहिला कपही उचलला, आणि उभ्या उभ्या खायला लागल्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"काय बघता?" त्या म्हणाल्या. "आता कसला मान, विहीणबाई? आता आपण दोघी गिऱ्हाइकं."

"मग विहीणबाई तरी कशाला म्हणता?"

"जिभेला वळण पडलंय. जाईल हळूहळू." त्यांनी पाव मोडून नाकाशी धरला. "वेलदोडा आहे. बरा घातलाय. तुमच्या घरातल्या शिऱ्यापेक्षा जास्तच."

गाईडने आम्हाला बघून विचारलं, तुम्ही दोघी बहिणी का? विहीणबाईंना प्रश्न कळला, पण उत्तर त्यांनी माझ्यावर सोडलं. आमच्या नात्याला इंग्रजीत शब्द नाही. मी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "नो. हर डॉटर इज लीव्हिंग माय सन."

गाईडचं हसणं थांबलं. आयोवाच्या काकू कॉफीत बघायला लागल्या. विहीणबाई मराठीत म्हणाल्या, "अर्धंच सांगितलंत. का सोडतेय ते सांगा की. ग्रामर चांगलंय तुमचं."

पुढचा थांबा नॉर्वेच्या पद्धतीच्या एका छोट्या दुकानात होता. तिथे बटाट्याची पातळ पोळी करतात. लांब पट्टीसारख्या काठीने ती तव्यावर उलटतात, वर लोणी आणि साखर लावून गुंडाळतात. ती करणाऱ्या बाई आम्हाला दाखवत होत्या. आयोवाच्या काकूंनी वातावरण सुधारावं म्हणून विचारलं, तुमच्याकडेही अशीच असते ना?

विहीणबाईंनी कडा चिमटीत धरून पाहिल्या. "कडेला जाड राहिलीय," त्या मला म्हणाल्या. "माझी मुलगी याहून पातळ लाटते."

"तुमच्या मुलीने माझ्या घरात कधी पोळपाट काढला नाही."

"काढू कुणी दिला? पोळपाटावर तुमच्या मासळीच्या पिशव्या."

"पोळपाटावर नव्हत्या. ओट्यावर होत्या."

"ओट्यावर होत्या हे कबूल तर केलंत."

काकूंना वाटलं आम्ही पोळीबद्दल बोलतो आहोत. एका अर्थी त्यांचं बरोबर होतं.

तिसऱ्या थांब्यावर हेरिंग मासा. मुरवलेला, गोडसर, कांद्याबरोबर. शाकाहारी माणसांसाठी उकडलेले बटाटे, वर शेपू. बशी समोर आल्यावर विहीणबाईंनी डोळे मिटले. "शेपू. एवढ्या लांब येऊन शेपू." तरी त्यांनी बटाटे संपवले, कारण ताटात टाकायचं नाही. मी हेरिंग खाल्ला. मासा गोड करणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही, पण त्यांच्यासमोर मी तो चवीने खाल्ला आणि दुसरा तुकडा मागून घेतला. हे मुद्दाम केलं. त्यांनाही ते कळलं.

"तुमच्याकडून घरी आला तेव्हाची गोष्ट सांगते," त्या चालता चालता म्हणाल्या. "घरी" म्हणजे फ्रिस्कोला, आणि "आला" म्हणजे थोरला, आधीच्या दिवाळीत. "मी गरम वरणभात वाढला, वर तूप. हा उठला आणि माझ्या देवांसमोर उभा राहून म्हणतो, 'फिश कुठाय?' देवांना विचारतोय. लंगड्या बाळकृष्णाला."

मला हसू आलं. मी ते मफलरमध्ये ठेवलं.

"हसा. तुम्हाला हसायला काय जातंय? त्या दिवशी त्याने माझ्या हातचं काही खाल्लं नाही. काटे काढायला मिळत नाहीत म्हणून रडला. काटे काढायला! एवढ्याशा मुलाला काट्याचा मासा देतं कुणी?"

थोरल्या, तुला काटे काढायला मी शिकवलं होतं. इथल्या तळ्यातला व्हाइटफिश, तांदळाच्या पिठात घोळवून लोखंडी तव्यावर. आधी बोटाने मधली रेघ दाबायची, मग वरची बाजू अलगद सोडवायची, मग काटा शेपटीकडून धरून एका ओढीत काढायचा. तू जीभ बाहेर काढून करायचास. माझ्या आईने मला असंच शिकवलं. मी तुला दिलेल्या गोष्टींत माझी म्हणावी अशी तीच होती. बाकी सगळं कुणीही दिलं असतं.

शेवटचे दोन थांबे बंदराजवळ होते. एक पुलाच्या अलीकडचं धुरी दिलेल्या माशांचं दुकान, आणि एक पूल ओलांडून पलीकडे. दुकानाच्या दारातूनच धुराचा आणि चरबीचा वास येत होता. विहीणबाई म्हणाल्या, "मी आत येणार नाही," आणि रस्त्याकडेच्या बाकावर बसल्या. त्यांना एकटं सोडता येईना, म्हणून मी बाहेर उभी राहिले. बाकीचे आत जाऊन खाऊन आले. गाईडने माझा वाटा एका डब्यात बांधून आणला आणि तो स्वतःच्या पिशवीत ठेवून म्हणाली, चला, पूल ओलांडू.

विहीणबाईंच्या बुटाची नाडी सुटली होती. साडी सावरत ती बांधेपर्यंत घंटा वाजायला लागली. तो पूल तुम्हाला माहीत आहे, जहाज आलं की अख्खा रस्ता सरळ वर उचलला जातो. गाईड आणि मंडळी पलीकडे पोचली होती. तिने तिकडून हात करून खुणावलं, थांबा. आम्ही अलीकडे राहिलो. इथे तसं अडकणं रोजचं आहे, त्याची कुणी तक्रार करत नाही.

जहाज लांबलचक होतं, पोटात लोखंडाचं खनिज न्यायचं तसलं. अगदी हळू येत होतं. वारा अंगातून जात होता. मी बाकावर त्यांच्याशेजारी बसले. निघून जायला दोघींनाही जागा नव्हती, म्हणून मी विचारलं.

"विहीणबाई, उन्हाळ्यात मुलांना माझ्याकडे पाठवाल का?"

"माझ्या हातात काय आहे?"

"सगळं तुमच्या हातात आहे. उगाच नको."

त्यांनी हातमोजे काढून पुन्हा घातले. "मासे बंद करा," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे मुलं असतील तोवर तुमच्या घरात मासा शिजणार नाही, मुलांना कुणी देणार नाही, बाहेरही नाही. तसा शब्द द्या. मी मुलीला सांगते, जून पूर्ण तुमचा."

"मी काय खाऊ घालते त्याच्यावर तुमची सत्ता?"

"मुलं वर्षभर माझ्या ताटात जेवणार आहेत. तुम्ही जूनमध्ये त्यांची जीभ फिरवणार, आणि जुलैपासून मी त्यांना उपाशी ठेवते म्हणून ती रडणार. माझ्याच्याने ते पुन्हा व्हायचं नाही. मी काही तरुण नाही. आणि राग आला तरी ऐका, माझ्या घरात माझे देव आहेत."

जहाजाने भोंगा दिला. पुलाने तसाच भोंगा देऊन उत्तर दिलं. आजूबाजूचे पर्यटक हात हलवत होते. तेवढा वेळ मला बोलता आलं नाही, आणि तो वेळ मला हवाच होता. कोळणीशी दर ठरवताना मी कधी पहिल्या शब्दाला हो म्हटलेलं नाही. नुसतं देऊन परतायचं नाही, हे मला तिथेच सुचलं.

"बरं," मी म्हटलं. "मासे बंद. पण तुम्हीही एक गोष्ट बंद करायची."

"काय?"

"माझ्या मुलाबद्दल मुलांसमोर बोलणं."

"मी काय बोलते?"

"'बाबाला घर चालवायची अक्कल नाही.' 'बाबा तसाच, त्याच्या आईसारखा थंड.' धाकटीने मला हे तुमच्या आवाजात म्हणून दाखवलं. अंगठा तोंडातून काढून."

त्या म्हणाल्या, "खोटं आहे का ते?"

"खरं-खोटं मी विचारलंच नाही. मासा वाईट असतो का असं मी तुम्हाला विचारलं?"

"माझ्या मुलीचं काय झालंय ते मी डोळ्यांनी बघितलंय. रात्रीचे फोन मी घेतलेत. तुम्ही नाही."

"माझा मुलगाही त्याच घरात आहे. तो फोन करत नाही, एवढाच फरक."

"म्हणजे मी गिळायचं."

"मीही गिळणारच आहे. तुम्ही शब्द, मी मासा."

"तुमचं जूनपुरतं. माझं बारा महिने."

"तुम्हाला मुलंही बारा महिने मिळतायत."

जहाजाचं शेपूट पुलाखालून गेलं. त्यांनी नाक पुसलं. वाऱ्याने असेल. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ठीक. मुलांसमोर नाही. तुमच्यासमोर मी वाट्टेल ते बोलेन."

"माझ्यासमोर बोला. मीही बोलेन."

पूल खाली आला. आम्ही पलीकडे गेलो नाही. पलीकडचीच मंडळी परत आली आणि गाईडने माझा माशाचा डबा माझ्या हातात दिला. धुरी दिलेला ट्राउट, झाकण किंचित कोमट. वास मला अजून आठवतो, आणि तो चांगला होता. घरी तुम्ही दोघं होतात. मी तो डबा आयोवाच्या काकूंना दिला.

"लगेच?" विहीणबाई म्हणाल्या.

"मग केव्हा?"

त्यांनी मान हलवली. ते कौतुक नव्हतं. त्या फक्त नोंद घेत होत्या, मीही घेत होते.

आम्ही टेकडी चढून घरी आलो. दार तुमच्या बाबांनी उघडलं. त्यांचे डोळे लाल होते. तुम्ही दोघं त्यांच्यामागे, धाकटी पायाला चिकटलेली. विहीणबाई आल्यापासून त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मी त्यांच्या मागे उभी राहून वाट बघत होते, कारण मोडायचा असता तर शब्द तिथेच मोडला असता. त्यांनी बूट काढले, मफलर काढला, आणि तुमच्या बाबांना म्हणाल्या, "जेवलात का तुम्ही? मुलांना घेऊन बसा. मी भात टाकते." आवाजात प्रेम नव्हतं. तुमच्यासमोर वाईटही काही नव्हतं. मग त्या आत गेल्या आणि चिमट्याने माझा तवा बाजूला ठेवला.

तर थोरल्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. तू लहान असताना मी मासे करायची आणि आता तू आलास की करत नाही, त्याचं कारण डुलूथच्या पुलाअलीकडचा तो बाक. तुम्ही परत गेलात की दुसऱ्या दिवशी मी मासा आणते, हेही लिहून ठेवते, खोटं कशाला? आणि तुम्ही दोघं आठवून बघा, टेक्सासआजी तुमच्या बाबांबद्दल काही बोलल्याचं तुम्हाला आठवतं का. परवा फोनवर त्यांनी मला तुमच्या बाबांबद्दल पुष्कळ ऐकवलं. मीही तुमच्या आईबद्दल ऐकवलं. मग त्या म्हणाल्या, "ठेवते विहीणबाई, मुलं शाळेतून आली." जिभेचं ते वळण काही गेलेलं नाही.

तुम्ही मोठे व्हाल तेव्हा काय खायचं ते तुम्ही ठरवा. ते ठरवून माझ्याकडे आलात तरी त्या ठरावातली मुलं म्हणून येत असाल तोवर माझ्या घरात वरणभातच मिळेल. काटे काढायचं थोरला विसरला असेल. धाकटीला ते कधी आलंच नाही. आम्हा दोघींचं अजून पटत नाही, आणि आता या वयात ते पटणारही नाही.

पण त्यांनी शब्द मोडलेला नाही, मीही मोडलेला नाही, आणि दर जूनमध्ये तुम्ही दोघं येता.